उभ्या गाडीची धडक

आमच्या शहापुरात माणूस सरपंचाला चुकीचं म्हणेल, तलाठ्याला म्हणेल, सख्ख्या बापाला तर रोजच म्हणेल. पण जावई? जावई चुकत नसतो. फार तर त्याच्या आड कोणीतरी येतं.

ताराचंद रामटेके असेच आड आले. म्हणजे ते स्वतः ओसरीवर चहा पीत बसले होते आणि त्यांची मोटरसायकल अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. माणूस नको तितका सरळ. वरठीच्या कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी. ट्रकवाल्यांशी दोस्ती, पण ती काट्याच्या बाहेर. गाडीचा विमा मुदतीच्या आधीच भरणार आणि कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा हेल्मेट घालून जाणार. आम्ही शेजारी विचारायचो, "भाऊ, झोपताना तरी काढता का जी?" भाऊ हसायचे आणि हेल्मेटचा पट्टा आवळायचे.

त्या रविवारी मटणाचं जेवण करून जावई प्रफुल्ल नागपूरला निघाले. शेजारच्या सीटवर भाऊंची लेक रीना. जावयांच्या एका हातात स्टीअरिंग, दुसऱ्यात मोबाइल. मागे बघायची गरजच काय, मागे सासुरवाडीच तर होती! कार झपकन रिव्हर्स आली आणि मोटरसायकलवर आदळली. मोटरसायकल आडवी झाली, कारची डिकी चेपली.

दुसऱ्या कोणी शिवी हासडली असती. भाऊ हात जोडून धावले. "चुकलं जावईबापू! माहीच गाडी मधात होती." ही आमच्याकडची रीत. पाहुण्याला ठेच लागली की उंबरठ्याच्या वतीने आपण माफी मागायची. पण जावयांनी उतरता उतरता मोबाइलवर शूटिंग सुरू केलं होतं, आणि मोबाइलला रीतभात कळत नाही.

आता जावयांचा विमा स्वस्तातला. त्यात आपण दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून निघतं, आपल्या गाडीचं नाही. तेव्हा नुकसान करणारा कोणीतरी शोधणं भाग होतं, आणि सासऱ्याइतका घरगुती आरोपी कुठे मिळणार? त्यांनी भाऊंच्या विमा कंपनीकडे दावा ठोकला. सासऱ्यांनी भरधाव येऊन उभ्या कारला मागून धडक दिली, असा. पुरावा म्हणून हात जोडलेल्या सासऱ्यांचा व्हिडिओ.

कंपनीने विचारणा केली तेव्हा भाऊंनी साफ सांगितलं, धडक मी दिली नाही. झालं, गावात जणू खून पडला. भैय्यालाल किराणावाले म्हणाले, "कायले हट्ट करून राहिले भाऊ? कंपनी का तुमची मावशी लागते?" खोट्याला पाप न मानणारी मंडळी अचानक त्याला पुण्य मानू लागली. भाऊंच्या पत्नी उषाबाई तर रोज डोळ्याला पदर लावायच्या. "एकडाव हो म्हना न जी. पोरीले त्या घरात रावाचं हाय." आणि जावयांचा फोन आलाच होता: सासऱ्यांना आमची इज्जत नसेल, तर त्यांनी आपली पोरगी ठेवून घ्यावी.

तिथे भाऊ मोडले. स्वतःवरचा आळ त्यांनी जन्मभर वागवला असता, पण रीनाचं काय होईल या विचाराने त्यांना घास उतरेना. हो म्हणून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं, याचाही आला.

कंपनीचा सर्व्हेअर चौकशीला आला, त्या दिवशी जावई रीनाला घेऊन हजर. खुर्ची त्यांना, खाट सर्व्हेअरला, भाऊ उभे. स्वतःच्याच अंगणात.

"लिवा साहेब," भाऊ खाली मान घालून म्हणाले, "धडक माह्याच गाडीनं..."

"बाबा, थांबा."

रीना तांदूळ निवडत होती, ती सूप घेऊनच ओसरीवर आली. "साहेब, बाबा त चहा पेऊन राहिले होते. मी कारमंदीच बसली होती. मागं पाहा म्हटलं, त मलेच चूप बस म्हने."

"रीना, तू बोलू नोको," भाऊ घाबरले. "तुले तिथं रावाचं हाय."

"म्हनूनच बोलून राहिली, बाबा. आज यायनं तुमच्या माथी मारलं. तुमी हो म्हनाल, त उद्या त्या घरात काही बी फुटलं का माह्याच माथी येईन."

भाऊंचे डोळे भरून आले. मग त्यांनी मान वर केली आणि घडलं तसं सगळं सांगितलं. सर्व्हेअरने ते लिहून घेतलं आणि दावा खोटा असल्याचा शेरा मारला.

जावई उठले. "चाल," रीनाला म्हणाले.

रीना उठली नाही. ती ओसरीवर बसून तांदूळ निवडत राहिली. जावई चपला घालू लागले तसं 'जेवून जा' म्हणायला उषाबाईंनी तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.