सही कधी करायची, हे सांगणाऱ्या वसुधाताई

वसुधाताई खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडण मी काढलं होतं. साठीच्या गौरवग्रंथात असलं काही लिहू नये म्हणतात. पण ताईंना खोटं खपत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

झूटरमेर या डच शहरात सायकलवरून ऑफिसला जाताना वळणावर एका गाडीने मला उडवलं. उजवा खांदा मोडला, ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी गाडीवाल्याच्या विमा कंपनीचं पत्र आलं : ही रक्कम घ्या, सही करा, विषय संपला. मला तेच हवं होतं. पुण्याला जायचं होतं, मागे कटकट नको होती, आणि खांदा काय, आज ना उद्या बरा होणारच होता! "सही करण्याआधी कुणालातरी दाखव," असं माझा नवरा प्रसाद म्हणाला, म्हणून मी नाइलाजाने अ‍ॅमस्टेलव्हीनला ताईंच्या ऑफिसात गेले. अपघातात जखमी झालेल्या माणसांना भरपाई मिळवून देणं, ही ताईंची वकिली.

ताईंनी पत्र वाचलं. मग माझ्या हाऊसआर्ट्सच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या नोंदी वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"मेघना, इथे तीन वेळा लिहिलंय, पेशंट म्हणते बरं आहे. उचल बघू हात."

हात खांद्यापर्यंत आला आणि अडला.

"हे बरं आहे?"

"अहो, कसं आहे विचारलं की बरं आहे असंच म्हणतो ना आपण! डॉक्टरांसमोर रडगाणं कोण गाणार?"

ताई खो खो हसल्या. "आपली सगळी माणसं इथेच फसतात बघ. डॉक्टर तुझे शब्द जसेच्या तसे लिहितात, कंपनी ते वाचते आणि म्हणते, बाई बरी झाली, मिटवून टाका." मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "आज सही केलीस आणि हात इतकाच राहिला, तर? परत जाऊन दार वाजवता येत नाही गं. शरीराला जिथवर सुधारायचंय तिथवर सुधारू दे. आता यापुढे फारसा फरक पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले की बोलू."

मी भडकले. तुम्हां वकिलांना केस लांबवायचीच असते, असं तोंडावर बोलून बसले. ताईंनी शांतपणे विचारलं, "चहात साखर किती?" ते पत्र त्यांच्याच टेबलावर राहिलं.

पुढची दोन वर्षं मी त्यांचं काम जवळून पाहिलं. उपचार चालू राहावेत म्हणून मधल्या काळाची आगाऊ रक्कम त्यांनी कंपनीकडून सोडवून घेतली. "कसं वाटतंय?" हा प्रश्न त्या कुणालाच विचारत नाहीत, "या आठवड्यात काय जमलं नाही?" असं विचारतात. मास्ट्रिख्टला शिकणाऱ्या एका मुलाच्या डोक्याला मार लागला होता. सगळं मिटवून घरी ये, म्हणून त्याची आई नाशिकहून रोज फोन करायची. ताई दर रविवारी स्वतः त्या माउलीला फोन करून अर्धा तास समजावत. ते कुठल्याही बिलात लावलेलं मी पाहिलेलं नाही. रागावतातही मस्त. मी व्यायाम चुकवला की "वा, महाराणी!" एवढंच म्हणायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तो दिवस आला. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी मला तपासलं आणि लिहिलं, हात खांद्याच्या वर जाणार नाही. सुधारणा आता थांबली आहे. कंपनी पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला प्रस्ताव घेऊन तयार झाली. ताई म्हणाल्या, "आता कर सही."

आणि मी करेना!

आणखी सहा महिने बघू, नवा फिजिओ बघू, पुण्याहून मामीने पाठवलेलं तेल लावून बघू. महिनाभर मी सबबी सांगितल्या. घरात रव्या-पोह्यांचे मोठे, दोन्ही हातांनी काढावे लागणारे डबे वरच्या फळीवर होते. प्रत्येक वेळी हाक मारून प्रसादकडून काढून घ्यायचे. खाली ठेवू का, असं त्याने विचारलं की मी अंगावर जायचे : "हात लावू नकोस, मी बरी होतेय!" सही केली की मी बरी होणार नाही हे कबूल करावं लागणार होतं. तेवढंच मला करायचं नव्हतं.

एका शनिवारी ताई कागद घेऊन घरीच आल्या.

"तुम्हीच थांबायला शिकवलंत ना?" मी म्हटलं.

"शिकवलं. तेव्हा हात सुधारत होता. आता कशासाठी थांबली आहेस?"

मी हात उचलून पाहिला. शेवटी विचारलं, "म्हणजे हात इतकाच?"

"इतकाच गं," ताई म्हणाल्या आणि त्यांचेच डोळे भरून आले. मी मोठमोठ्याने रडले, लहान मुलासारखी. त्यांनी घाई केली नाही. पुढे कधी खांद्याने नवी तक्रार काढली तर तेवढ्यापुरतं दार उघडं राहील, असं कलम त्यांनी आधीच घालून घेतलं होतं. ते मला दोनदा वाचून दाखवलं. मग मी सही केली.

कागद पिशवीत टाकून ताईंनी विचारलं, "स्टूल कुठाय?" आणि पदर खोचून ही वकीलबाई आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर चढली! प्रसाद नको नको म्हणत राहिला. ताई एकेक डबा खाली देत होत्या, माझी मुलगी सई तो खालच्या कप्प्यात लावत होती. ती डचमध्ये विचारत होती, ताई मराठीत उत्तरं देत होत्या. मी नुसती बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. दोन वर्षांत पहिल्यांदाच, कुणालाही हाक न मारता.

त्यानंतर वर्षभरात मी जुनी नोकरी सोडली आणि ताईंच्या ऑफिसात कामाला लागले. आता नवी माणसं माझ्यावर भडकतात, आणि मी त्यांना साखर किती ते विचारते.

ताई, साठ वर्षं पूर्ण झाल्याबद्दल तुम्हांला आम्हां सगळ्यांचा मनापासून नमस्कार. तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे ठणठणीत राहोत. या वयात स्टुलावर चढू नका, असं आम्ही सांगणार आणि तुम्ही ते ऐकणार नाही, हे ठाऊक आहे. तेव्हा चढायचंच असेल तर मला बोलवा. स्टूल घट्ट धरायला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही.