वणव्याच्या वाटेवरची घरं

नारायणमामा मिस्त्रींशी माझी पहिली ओळख झाली ती रुसव्यानं. स्थापत्याची पदविका घेऊन मी भूमला नुकतीच आले होते. डोंगराच्या पायथ्याला वस्तीवर राहणाऱ्या सोजरबाईंचं घर वणव्यात जळालं होतं. त्या तेरखेड्याला लेकीकडं राहायच्या आणि “मला माझ्या रानात न्या,” एवढंच म्हणायच्या. नव्या घराचा नकाशा माझा, बांधकाम मामांचं. हवा खेळती राहावी म्हणून मी पत्र्याखाली चारी बाजूंनी फट ठेवली होती. मामा म्हणाले, “ताई, थंडीत बाई ह्या फटीत बारदाना कोंबणार. वणव्याची ठिणगी उडून तिथंच बसंल.”

मला राग आला. आमच्या पुस्तकात बारदाना नव्हता ना! दुसऱ्या दिवशी वस्तीवर फिरले, तर घरोघरी फटींत पोती कोंबलेली. मुकाट्यानं नकाशातली फट काढून टाकली आणि त्याजागी बारीक लोखंडी जाळीचे झरोके काढले.

मामांचा दुसरा हट्ट कडब्याच्या गंजीचा. आपल्याकडं वैरण हाताशी हवी म्हणून गंजी घराच्या भिंतीलगतच रचतात. ती लांब हलवल्याशिवाय मामा पिशवीतून ओळंबा काढतच नाहीत. सोजरबाईंचे गुडघे दुखायचे. “एवढ्या लांबून पेंढ्या कोण आणील?” त्यांनी विचारलं. मामांनी वाद घातला नाही. आठवडाभराच्या वैरणीपुरता दगडी हौद गोठ्याशेजारी बांधला, वर पत्र्याचं झाकण बसवलं. बांधकाम संपल्यावरही दर बाजारच्या दिवशी वाट वाकडी करून ते तिथं जायचे आणि हौद भरून द्यायचे. हे मला सोजरबाईंकडून कळलं. मामा स्वतः कधी बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी वणवा पुन्हा खाली उतरला. सोजरबाई म्हैस घेऊन शेजाऱ्यांबरोबर नांगरलेल्या रानात जाऊन थांबल्या. गंजी जळाली. मामांनी घराभोवती गवत काढून साफ केलेल्या पट्ट्यापाशी आग अडली. ठिणग्या पत्र्यावर पडून विझल्या, घर उभं राहिलं. आम्ही सगळे मामांचं कौतुक करत होतो आणि ते मात्र खिडकीपाशी उभे होते. लाकडी झडप काळी पडली होती. “चूक माझी हाय. लाकूड वापराय नको व्हतं,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन त्यांनी लोखंडी झडप बसवली. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. आपली चूक चारचौघांत सांगायला मी त्यांच्याकडूनच शिकते आहे, अजून नीट जमत नाही.

वणव्याची बातमी कळताच सोजरबाईंचे जावई त्यांना न्यायला आले होते. बाई उंबऱ्यावरची राख पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्या कशाला येऊ? घर हाय की माझं.”

मामा, तुमच्या पंचाहत्तरीला एकच मागणं आहे. डोंगरकडेच्या प्रत्येक बाईला असं म्हणता येईपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं तुम्हाला ठणठणीत आयुष्य लाभो.