इंजिनातला हार

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "नंदे, खैरनार गेला गं..." बाबा एवढंच म्हणाले. मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, डोळ्यांपुढे आले ते बँडपुढे टोपी उडवत नाचणारे खैरनार काका, माझ्याच वरातीत! त्या नाचाला दहा वर्षं झाली, तरी आठवला की मी एकटीच हसत सुटते. तेव्हाच ठरवलं, काकांवर रडगाणं लिहायचं नाही.

काका आमचे जेलरोडचे शेजारी, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर कामाला, तिथल्या मोटरी-पंप सांभाळायचे. मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण एकदा का अंगात आलं की गावाकडची बोली सुटायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. माझे बाबा ड्रायव्हर. तीस वर्षं एका डॉक्टरांच्या गाडीचं दार उघडून धरलं त्यांनी. निवृत्त झाल्यावर स्वतःची एक जुनी लाल गाडी घेतली आणि अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं, "माझी लेक माझ्या गाडीतून सासरी जाणार." लग्न ठरलं तुळशीच्या लग्नानंतरचं. आणि नेमकी दिवाळीपासून गाडीने नाटकं सुरू केली. रस्त्याने पळत असली की अगदी गुणाची, पण सिग्नलला उभी राहिली रे राहिली की तापमानाचा काटा सरसर वर आणि बॉनेटमधून वाफ! आता मला सांगा, वरातीत गाडी पळते का? बँडच्या मागे मुंगीच्या पावलाने सरकते. दोन गॅरेजं झाली. एकाने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याने रेडिएटर धुतला, वर "इंजिन उघडावं लागेल" अशी भीती घातली ती वेगळीच. गाडी होती तशीच.

हळदीच्या दिवशी सकाळी नवऱ्याकडचे एक वडीलधारे काही कामाने आमच्याकडे आले. बाबा दारात गाडी चालू ठेवून बघत होते आणि ती फसफसत होती. "राहू द्या हो," ते म्हणाले, "आमची मोठी गाडी आहे ना, तीच सजवू." बिचारे चांगल्या मनानेच म्हणाले. पण बाबांचा चेहरा असा काही उतरला, की मी पाटावरून उठले आणि तशीच पिवळ्या तोंडाने काकांच्या दारात जाऊन उभी राहिले. मागून बायका ओरडताहेत, "अगं, हळदीची पोर बाहेर कुठे निघालीस!" काका पाळीवरून येऊन आंघोळीला निघाले होते. "काका, चला," म्हटलं. खांद्यावरच्या टॉवेलसकट आले.

त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. आधी गाडी गार होऊ दिली, पाणी भरलं, चालू केली आणि कमरेवर हात ठेवून नुसते ऐकत उभे राहिले. मग मास्तरासारखं मलाच विचारलं, "पळताना गार, उभी राहिली की गरम. म्हणजे पाणी फिरतंय, पंप धड आहे. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला कोण देणार?"

"पंखा!" मी किंचाळलेच.

"मग कुठे मेलाय तो?"

काटा अर्ध्याच्या वर गेला तरी पंख्याचा आवाज नाही. काकांनी गाडी बंद केली, बॅटरीवरून पंख्याला सरळ वायर दिली. मोटर नुसती गुरगुरली, पाती जागची हलेनात. काकांचे डोळे लखलखले. "मोटर जित्ती शे! कोणीतरी धरी ठेवेल शे तिले!" वायर काढली, टॉर्च मागितला, हात आत घातला. मी अगदी शेजारी उभी. बाबा पलीकडे पाहुण्यांशी बोलत होते. काकांच्या बोटांत काळा, घट्ट पीळ बसलेला दोरा आला आणि त्याला चिकटलेली झेंडूची वाळकी फुलं...

मला क्षणात सगळं कळलं. दसऱ्याला सगळे गाडीला बाहेरून हार घालतात. बाबा मात्र बॉनेट उघडून एक हार आत, इंजिनालाही बांधायचे. "खरा मान त्याचा," म्हणायचे. आणि पूजेचा हार हाताने तोडायचा नाही, वाळून आपोआप पडू द्यायचा, हा त्यांचा नेम. तो पडला तो थेट पंख्यात! तीस वर्षांचा ड्रायव्हर, आणि पाहुणे समोर उभे. काकांनी माझ्याकडे बघितलं, दोरा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि बाबांना मोठ्याने म्हणाले, "वायर सैल होती अण्णा, बसवली." गाडी पुन्हा चालू केली, काटा चढला आणि पंखा भर्रकन फिरला. बाबा कितीतरी वेळ त्या पंख्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. पुढे बँड, मागे लाल गाडीत आम्ही दोघं, बाबा स्टेअरिंगवर. काका बॉनेटला कान देऊन गाडीबरोबर चालत होते. चौकात वरात थांबली. काटा चढू लागला, अर्ध्याच्या वर गेला... आणि घर्रर्र! पंखा सुरू! काटा खाली! काकांनी टोपी उडवली आणि सरळ बँडपुढे उडी घेतली. त्या शांत माणसाला तसं नाचताना ना आधी कोणी बघितलं होतं, ना नंतर.

तेव्हापासून दर दसऱ्याला पूजा झाली की काका कात्री घेऊन हजर. "अण्णा, आतल्या हारातली दोन फुलं न्यायची आहेत, प्रसाद म्हणून." दोन फुलांच्या नावाखाली अख्खा हार कापून न्यायचे आणि मी माहेरी असले की जाता जाता मला डोळा मारायचे. आमचं दोघांचं गुपित होतं ते.

यंदा काका जाऊन तीन आठवडे झाले होते. दसऱ्याला मी मुद्दाम माहेरी गेले. बाबांनी बाहेर हार घातला, बॉनेट उघडून आत घातला, नमस्कार केला. आता कात्रीचं काय करायचं, या विचारात मी होते. तेवढ्यात बाबाच घरातून कात्री घेऊन आले आणि आतला हार कचाकचा कापला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं गाडी चालवली गं मी. सैल वायरीची मोटर गुरगुरते का कधी?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला फसवल्याचा केवढा आनंद व्हायचा त्याला..." त्यांनी हारातली दोन फुलं काढून माझ्या हातावर ठेवली. "जा, खैरनारच्या घरी देऊन ये. प्रसाद आहे म्हणावं."