डावा हात ताईचा

परतूर स्टेशनवर मला सोडायला चौघं आली होती. आई, बाबा, जालन्याचे मामा आणि खास त्यासाठी सासरहून, तीर्थपुरीहून आलेली ताई, म्हणजे माझी थोरली बहीण शोभा. मला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. सकाळची गाडी पाऊण तास लेट होती, त्यामुळे निरोपाचं सगळं बोलणं पहिल्या दहा मिनिटांत संपलं आणि उरलेला वेळ आम्ही पाचजण एका बाकड्याभोवती नुसते उभे राहिलो. आईने दशम्यांचा डबा तीनदा एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत हलवला. बाबा झेडपीच्या शाळेत मास्तर, ते फलाटावरच्या पाट्यांमधल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होते. मामा मधूनच म्हणायचे, "सिग्नल पडला." पडलेला नसायचा.

गाडी आली तेव्हा ताई म्हणाली, "डाव्या अंगाला बस, ऊन लागणार न्हाई." बस, एवढंच. ती रडली नाही, मीही रडलो नाही. गाडी हलली की रडू येईल, अशी मी मनाची तयारी करून ठेवली होती. गाडी हलली आणि मला झोप लागली ती थेट औरंगाबादपर्यंत.

त्या झोपेतून मी अजून पुरता जागा झालो नाही असं कधीकधी वाटतं. पुण्याची चार वर्षं, मग नोकरी, मग सिंगापूर. इथे सहावं वर्ष चालू आहे. बाराव्या मजल्यावर भाड्याची खोली, खाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर, पाच मिनिटांवर एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं स्टेशन. सगळं वेळेवर येतं. माझी तक्रार कशाचीच नाही, आणि घोळ तिथेच आहे. आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी विमानात किती तास गेले ते सांगत होतो. पुढे परतूरचं घर विकलं, बाबा ताईकडे तीर्थपुरीला राहायला गेले. मला फोनवर कळलं. मी "बरं" म्हणालो. तुमच्यापैकी जे असे लांब गेलेत, त्यांना हे "बरं" ओळखीचं असेल. जे मागे राहिले त्यांना ते ऐकून काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

तर अशा माणसाला मागच्या महिन्यात अचानक एका गोष्टीची वाट बघावीशी वाटू लागली. ती गोष्ट सांगायलाही लाज वाटते, कारण ती व्हिडिओ गेम आहे.

ऑफिसजवळच्या मॉलमध्ये एका गेमच्या दुकानात भिंतीवर पोस्टर दिसलं. पाठीवर तलवार बांधलेला माणूस, गळ्यात तांबडं उपरणं, मागे किल्ला. मी जिन्यावरच थांबलो. दहाएक वर्षं बंद पडलेली ही गेमची मालिका त्याच जुन्या किल्ल्यासह पुन्हा येतेय, आणि टीव्हीवर नाही, हातात धरून खेळायच्या छोट्या मशीनवर. या गेमचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं. ते मी इथे लिहीत नाही, आमच्या घरात त्याचं नाव "पाहुणा" होतं. न विचारता कुणाच्याही घरात शिरतो आणि सगळी भांडीकुंडी फोडून पुढे जातो, म्हणून ताईने ठेवलं होतं.

पाहुणा आमच्याकडे आणला मामांनी. जालन्यात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कुणी गिऱ्हाईक टीव्हीला जोडायचा एक गेमचा डबा आणि एक कॅसेट दुरुस्तीला टाकून गेलं ते परत फिरकलंच नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामा तो डबा पिशवीत घालून परतूरला आले आणि आम्हा दोघांना म्हणाले, "जिंकेपर्यंत ठेवा. जिंकले की बराबर मला परत द्यायचा. गिऱ्हाईक उगवलं तर पंचाईत नको." मी नववीत होतो, ताई बारावीत.

डब्यासोबत हातात धरायचा रिमोट एकच होता. डावीकडे माणसाला चालवायची बटणं, उजवीकडे उडी आणि तलवार. दोघांना तर खेळायचं होतं. मग ताईने वाटणी केली. डावी बाजू तिची, उजवी माझी. रिमोट दोघांच्या मधे, तिचा डावा अंगठा आणि माझा उजवा. ती चालवणार, मी उडी मारणार आणि तलवार फिरवणार. शेजारून आम्हाला पाहणाऱ्याला वाटलं असतं, की ही भावंडं एक ताट धरून बसलीत.

माझा हात चुकून जरी डावीकडे गेला तरी ताई चापट मारायची. "तिकडं हात लावायचा न्हाई. तुझं काम तू कर." मी हात काढून घ्यायचो. मला तलवार मिळाली होती, मला अजून काय हवं?

तो गेम अर्धवट ठेवता यायचा नाही. डबा बंद केला की पुन्हा पहिल्या दरवाज्यापासून. त्यात लोडशेडिंग. म्हणून रविवारी सकाळी लाइट आली की आम्ही बसायचो आणि जेवायला उठताना गेम थांबवून टीव्हीवर टॉवेल टाकायचो. बाबांना हे सगळं पसंत नव्हतं, पण मी हट्टी आणि घरात एकुलता मुलगा. आई स्वयंपाकघरातून "शोभेऽ" अशी हाक मारायची, तेव्हा मीच ओरडायचो, "तिला नको बोलवू, मला एकट्याला चालवता येत न्हाई!" मग बाबा आईला सांगायचे, "बसू दे तिला जरा. पोरगं रडून राह्यलं." आणि आई एकटीच भाकरी थापायची.

किल्ल्याचे आठ मजले. सात आम्ही पौष संपायच्या आत ओलांडले. आठव्यावर एक तुटका पूल होता. तिथे पळत यायचं आणि नेमक्या कडेवरून उडी मारायची. चाल ताईची, उडी माझी. दर वेळी पाहुणा खड्ड्यात. किती रविवार गेले त्याचा हिशेब नाही. मी रडायचो, रिमोट आपटायचो. ताई म्हणायची, "तुझी उडी उशिरा होते. पुढच्या रविवारी बघू." मी शाळेतल्या बाकावर अंगठ्याने उडीचा सराव करायचो.

वैशाखात ताईचं लग्न झालं. बारावीचा निकाल त्यानंतर लागला. मला पुढे बारावीला मिळाले त्यापेक्षा तिला बारा टक्के जास्त होते. तो निकाल बाबा तीर्थपुरीला घेऊन गेले आणि पेढे वाटून आले. मांडव उतरायच्या आधीच मामांनी डबा पिशवीत भरला होता. "आता एकट्याला काय जमणार तुला," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

किती खरं होतं ते पुण्यात कळलं. होस्टेलमधल्या एका मित्राच्या घरी गेलो होतो, तिथे असाच डबा होता. त्याने रिमोट माझ्या हातात दिला. मी सवयीने उजवी बाजू धरली, डावा हात मांडीवर ठेवला आणि उड्या मारू लागलो. पडद्यावरचा माणूस जागच्या जागी उड्या मारत राहिला, समोरून शत्रू येऊन त्याला मारून गेले. सगळे पोट धरून हसले. "अरे, चालव की त्याला!" मीही हसलो. जग हा खेळ एकट्याने खेळतं, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी समजलं. त्यानंतर मी रिमोटला हात लावला नाही.

आणि आता हे पोस्टर. मी बुकिंग करून टाकलं. दुकानदार चिनी म्हातारा, त्याला सगळे अंकल म्हणतात. त्याने काचेखालचं मशीन बघायला दिलं. तळहाताएवढं. मी अजाणता फक्त उजवी कड धरली आणि ते डावीकडे कललं. "टू हँड्स, टू हँड्स!" अंकल ओरडला. ते इतकं लहान होतं, की दोघांना मिळून धरताच आलं नसतं. बाहेर येऊन मी कॉफी घेतली आणि ती प्यायलीच नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी खुपलं. ज्यांनी कुणी हे मशीन बनवलं, त्यांनी ताईला जागाच ठेवली नव्हती.

मी दिवस मोजू लागलो. इंटरनेटवर लोक तावातावाने भांडत होते, एवढ्याशा पडद्यावर हा गेम आणणं म्हणजे अपमान आहे म्हणून. मला पडद्याशी देणंघेणं नव्हतं. मला फक्त तो पूल ओलांडायचा होता, आणि ताईबरोबर. ते जमलं तर आमच्यात अजून काहीतरी शिल्लक आहे असं मला समजणार होतं. नाही जमलं, तर नाही असं. अशा अवघड गोष्टीची परीक्षा मी खेळण्यावर घेत होतो, पण दुसरं काही मला सुचत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणानंतर फोन लावला. बाबांचं नेहमीचं झालं. जल्दी उठत जा, तब्येत सांभाळ. मग ताई आली.

"काय करून राह्यला?"

"ताई, पाहुणा परत येतोय."

"कोण पाहुणा?"

मी सांगितलं. ती मग हसली. "तो मुडदा अजून जित्ता हाय?"

मी सगळं भडाभडा बोललो. मशीन लहान आहे, दोघांना धरता येत नाही, आणि तो पूल माझ्यामुळे राहिला, माझी उडी उशिरा व्हायची, त्याचं मला अजून वाटतं.

"तुझी उडी बराबर होती," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"कडेला आलं की मी अंगठा उचलायची. तू उडी मारायचा, पण तो पलीकडं पोचायच्या आधीच खाली जायचा."

मी गॅलरीत उभा होतो. खाली मैदानात म्हाताऱ्या बायका व्यायाम करत होत्या.

"कशाला पण?"

"जिंकलो असतो तर मामा डबा घेऊन गेले असते. मंग मला कोण बसू देणार होतं? तुला एकट्याला येत न्हाई म्हणून तर मला बसायला मिळायचं. तेवढा एकच वार माझा होता, संजू. म्हणून तर तुला डावीकडचं शिकू दिलं न्हाई."

ती हे रागाने म्हणाली नाही. आज भाजी काय केली ते सांगावं तसं म्हणाली. मला वाईट वाटायला हवं होतं. ते लगेच वाटलं नाही. आधी कान गरम झाले, मग मी गॅलरीतच खाली बसलो. मी कधीच एकटा पुण्याला गेलो नव्हतो. मला कुणीतरी चालवत नेलं होतं, आणि नेणारीला सगळ्यांनी कडेवरच थांबवलं होतं. त्यात मीही होतो. हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं आणि एक खेळणं लागलं. मग मात्र मला वाईट वाटलं. खूप वाटलं. फोनवर मी रडलो, आणि ताई पलीकडून "अरे, काय झालं, अरे बाबा" करत राहिली.

"मी आणतो तो गेम," मी म्हणालो. "पण दोघांना धरता येत नाही गं."

"मंग तर बिलकुल बराबर. मला एकटीलाच खेळायचाय. दोन्ही हातांनी. तू बाजूला बसायचं अन् चूप राहायचं."

"आणि बाबा चहाला ओरडले तर?"

"बाबांचा च्या तू कर."

पुढच्या महिन्यात गेम येतो. मी तिकीट काढलंय. इथे लोक मला विचारतात, घरी म्हणजे नक्की कुठे जाणार, परतूरचं घर तर विकलं ना? तीर्थपुरीला मी पाहुणा म्हणूनच चार-दोन वेळा गेलोय, साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो तेही मला ठाऊक नाही. या खेपेला ते आधी शोधून ठेवायचं आहे. ताई पुलापाशी पोचली असेल आणि आतून हाक आली, तर उठायचं ते मी.