टँकरवाल्या मामाचे दोन फेरे

माझ्या जिभेला हाड नाही, हे माहेरी कंधारला सगळ्यांना माहीत होतं. सासरी नांदेडला ते महिनाभरात कळलं, आणि लातूरच्या गल्लीला तर आठवडाही लागला नाही. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्यांना कारकून पाहिजे होते, म्हणून आमच्या ह्यांची बदली झाली आणि आम्ही दोन ट्रंका, एक पलंग आणि तेरा वर्षांची पोरगी घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. जिल्हा नवा, पाट्या नव्या, साहेब नवे, पण पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गायब. नळ सोडला की नुसती हवा यायची. गल्लीत एक दिवसाआड सकाळी टँकर यायचा, घरटी दोनच घागरी मिळायच्या.

पोरीला नांदेडच्या शाळेतच सॉफ्टबॉलचं वेड लागलं होतं. त्या खेळात पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. हात खांद्यापासून गोल फिरवायचा आणि चेंडू कमरेखालून सोडायचा. लातूरच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिचे चार चेंडू बघितले आणि म्हणाले, "नव्या जिल्ह्याची मुलींची टीम पहिल्यांदाच निघून राहिली. मला ही पिचर म्हणून पाहिजे. पण निवड चार जणांपुढं होणार, तिथं माझ्या एकट्याचं चालत न्हाई." तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचेना. पोळी लाटताना हात फिरवायची, गणित सोडवताना हात फिरवायची. एकदा तर ह्यांचा चहाचा कप उडवला, आणि ह्यांनी सांडलेला चहा बशीत जमा करून प्यायला, कारण दुसरा करायला पाणी नव्हतं.

सराव गल्लीतच. घागरींच्या रांगेला लागून एक सरळ पट्टा मोकळा असायचा. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, हातात जुन्या गोधडीची जाड घडी. ती टाकायची, मी गोधडीत झेलायची. आता रांगेत घागर ठेवली की ती नंबर धरायची आणि तिची मालकीण मोकळी. टँकर येईपर्यंत मोकळ्या माणसानं करायचं काय? सल्ले द्यायचे. सॉफ्टबॉल हा शब्द महिन्यापूर्वी ज्यांनी ऐकला नव्हता, ते मला पाय कुठं ठेवायचा ते सांगू लागले. समोरचे रिटायर तलाठी म्हणाले, "पोरीला रोज शेरभर दूध द्या, मनगट भरंल." मी म्हटलं, "पाठवा की, तुमच्या घरी भांडं घेऊन येऊ का?" शेजारीण म्हणाली, "जरा वाकून टाकायला सांगा." मी म्हटलं, "तुमच्या सुनेला वाकायला सांगून बघा आधी." एकेकाची तोंडं अशी बंद केली की पंधरा दिवसांत रांगेत शांतता झाली. मला लई भारी वाटत होतं.

आणि मग टँकरवाला बोलला.

टँकरवाला उदगीरकडचा. सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची, कारण पाइप त्याच्या हातात होता. त्याच्या टँकरची बॅटरी म्हातारी होती, त्यामुळं पुढून लोखंडी हँडल घालून, जोर लावून फिरवल्याशिवाय इंजिन चालू होत नसे. त्या दिवशी पाणी सोडता सोडता त्यानं पोरीचं टाकणं बघितलं आणि मान हलवली. "पोरी, एका फेऱ्यानं इंजिन तरी चालू होतंय का? दोन फेरे मार अन् मग झटका."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर चांगलं झणझणीत होतं, अजून आठवतं मला. तेवढ्यात माझी नजर त्याच्या हातातल्या पाइपावर गेली. मी म्हटलं, "टाकून बघ की गं, मामा म्हणतेत तसं."

तिनं दोन फेरे मारले. चेंडू माझ्या डोक्यावरून जाऊन तलाठ्यांच्या घागरीवर आदळला आणि घागरीला पोचा आला. सगळी गल्ली पोट धरून हसली. मामा मात्र खूश. "जोर बघितला का जोर," म्हणाला, आणि माझ्या वाट्याला नसलेली तिसरी घागर भरून दिली.

खोटं कशाला सांगू, त्या तिसऱ्या घागरीनं मी वेडी झाले. त्या दिवशी मी अकरा दिवसांनी केस धुतले आणि ओले केस पाठीवर सोडून ओट्यावर बसले, सगळ्या गल्लीला दिसावं म्हणून. पुढं हे ठरूनच गेलं. टँकर आला की पोरगी दोन फेरे मारायची, शेवटी एक उडीपण घ्यायची, बाया टाळ्या वाजवायच्या, मामा पाइप धरून नवीन काहीतरी सांगायचा, आणि आम्ही मायलेकी "हाव मामा, हाव मामा" करत तिसरी घागर घरात न्यायचो. हे म्हणाले, "गल्लीची तोंडं बंद केलीस अन् टँकर आला की तुझंच बंद." मी म्हटलं, "अडला हरी गाढवाचे पाय धरी. अन् त्याच पाण्यानं तुमचा सदरा धुतला, काढून देता का?"

एकदा खेळाचे सर सायकलवरून गल्लीतून चालले होते. त्यांनी ते दोन फेरे बघितले आणि सायकलवरून उतरलेच. "हे काय? दीड फेऱ्याच्या वर हात गेला की पंच तो चेंडू बाद धरतेत."

पोरगी म्हणाली, "सर, हे फक्त टँकरपुरतं हाय."

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. म्हणाले, "हाताला कळत न्हाई टँकर कोणता अन् मैदान कोणतं."

त्यांचं खरं निघालं. संध्याकाळी तिनं नेहमीसारखं टाकायला घेतलं तर हात आपोआप दुसऱ्या फेऱ्याला जायला लागला. दहातले सहा चेंडू भलतीकडं. रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, मी मामाला न्हाई म्हणून सांगू का?" आणि मी, गल्लीची तोंडं बंद करणारी, तिला म्हणाले, "आत्ता कशाला? उन्हाळा सरू दे." आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

निवडीच्या दिवशी मैदानावर काळ्या मातीच्या भेगा बुजवून ठेवल्या होत्या. पोरींना प्यायला पाणी पाहिजे म्हणून टँकर बोलावला होता, आणि तो घेऊन आला होता आमचाच मामा. धुतलेला शर्ट घालून, केसांना तेल लावून, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "आपली पोरगी हाय," म्हणाला.

प्रत्येकीला पाच चेंडू. माझ्या पोरीनं पहिला टाकला. हात दोनदा फिरला. पंचानं बाद दिला. दुसरा टाकला, पुन्हा तेच. सर मान खाली घालून बसले. मग तिनं चेंडू हातात धरला आणि समोर झेलणाऱ्या मुलीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. तेरा वर्षांची पोरगी भर मैदानात मला परवानगी मागत होती.

मी उठून उभी राहिले आणि जेवढा आवाज होता तेवढा लावला. "तुझ्या हातानं टाक गं! पाणी गेलं चुलीत!"

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. मामाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. तिसरा चेंडू झेलणाऱ्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये असा बसला की तिनं हात झटकला. चौथा तसाच. पाचव्याला तर बॅट धरून उभी असलेली पोरगी बॅट फिरवायचंच विसरली. मी शेजारच्या एका अनोळखी बाईला मिठी मारली. तिची पोरगी निवडीतून गळाली होती, हे मला नंतर कळलं. आमचीचं नाव यादीत आलं तेव्हा मी, ती आणि सर तिघंही काहीबाही बरळत होतो. मामा तोपर्यंत निघून गेला होता.

पुढच्या टँकरला मी मन घट्ट करून रांगेत उभी राहिले. अर्धी घागर मिळाली तरी चालेल, पण भांडायचं नाही, असं ठरवलं होतं. पलीकडं पोरगी भिंतीवर चेंडू मारत होती. माझा नंबर आला. मामानं माझ्या घागरीत पाइप सोडला आणि तिच्याकडं बघत राहिला. घागर भरली, तरी बघतच होता. पाणी वाहायला लागलं तशी बायांनी एकच कालवा केला, कुणी तांब्या लावला, कुणी चहाचं पातेलं, तलाठ्यांनी तर दाढीचा मग. मामानं शेवटी पाइप बंद केला आणि विचारलं, "पोरी, एकाच फेऱ्यात एवढा जोर येतोय तरी कुठून? मला काय कळंना."

पोरगी थांबली. मग म्हणाली, "खांद्यातून न्हाई मामा, पायातून येतो." आणि बोलायलाच लागली. अंगठा कसा रेटायचा, बोटं चेंडूच्या शिवणीवर कुठं ठेवायची, भीती वाटली की ती शिवण नखानं कशी खाजवते. मामा टँकरला टेकून ऐकत होता. माझी पोरगी सलग एवढं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

"अन् नेम कसा धरतीस?" मामानं विचारलं.

"आईच्या डाव्या गुडघ्याकडं बघते," ती म्हणाली. "ती चेंडूला भिते. तिचा गुडघा हलला की मी हळू सोडते."

सगळी गल्ली हसली. मलाही हसू आलं. एवढे दिवस ती मला सांभाळून टाकत होती. "आजपासून हळू टाकलास तर बघ," मी म्हणाले, आणि गोधडीची घडी घेऊन समोर जाऊन बसले. डावा गुडघा मी हातानं दाबून धरला.