फिरती कांडी आणि माझी वेणी

काल खेळण्यांच्या दुकानात लाखेचा वास आला आणि पेणमधलं लाकूड कातायचं आमचं लेथ आठवलं. मी लहान होते, बाबा एका जादूगारासाठी लाकडी कांड्या कातत होते. फिरत्या कांडीला लाल लाख टेकवली की ती वितळून झळाळी यायची. ते बघायला मी वाकले आणि माझी वेणी मशीनच्या पट्ट्यात अडकली. मान मागे खेचली गेली. दारात लाकडं फोडणारी आई कोयता घेऊन माझ्यावर धावून आली. वाटलं, आता मारतेय! तिने एका घावात वेणी तोडली.

"लागलं काय गो?" तिने विचारलं.

"नाय. पण माझे केस!"

मी केसांसाठी रडत राहिले. आईच्या मुठीतला कोयता सुटेना, बाबांना तिचं एकेक बोट उलगडावं लागलं. भीतीने आवळलेली ती बोटं मला काल त्या दुकानात पहिल्यांदा नीट दिसली.