देवजीमागचा हिरवा रंग

आमचं लष्करी युनिट जैसलमेरच्याही पुढे, वाळवंटात होतं. मी गाड्यांचा पेंटर, देवजी ड्रायव्हर. तो सायवनचा, मी रानशेतचा. मेसमध्ये सगळे आम्हाला 'डहाणू डबल' म्हणत.

एका दुपारी गाडीखाली काम करताना मला फुरसं चावलं. देवजीने मला जिप्सीत मागे आडवं टाकलं आणि हॉस्पिटलकडे निघाला. वाटेत आंधी आली. बॉनेटसुद्धा दिसेना.

"जागेवर थांबा. ओसरली की निघा. ओव्हर," वायरलेसवर हुकूम आला.

"रॉजर," देवजी म्हणाला.

वाऱ्याने एका बाजूचा कॅनव्हास फाडून नेला. मला सारख्या उलट्या होत होत्या, त्यामुळे तोंड बांधता येईना. वाळू नाकातोंडात जाऊ लागली. विषाआधी वाळूच मला संपवणार, हे दोघांनाही कळलं. देवजी खाली उतरला आणि त्या उघड्या बाजूला बाहेरून हात पसरून, गाडीला चिकटून उभा राहिला. सगळा वारा पाठीवर.

"मरू नको रे," तो ओरडत होता. "तुझ्या आयेला काय सांगू मी?"

मी वाचलो. हॉस्पिटलमधून परतल्यावर गाडी पाहिली. त्या बाजूचा रंग घासून निघाला होता. कुठे प्राइमर, कुठे उघडा पत्रा. मधोमध मात्र कमरेपासून बुटांपर्यंत माणसाच्या आकाराचा हिरवा रंग जसाच्या तसा. ती सगळी वाळू देवजीने अंगावर झेलली होती. 

आता मी रिटायर आहे. परवा अंगणात लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीपचं सँडब्लास्टिंग काढलं, म्हणजे हवेच्या जोराने वाळूसारखी ग्रिट मारून रंग उतरवायचं काम. मदतीला देवजीचा भाऊ लहानू होता.

"दर्याची वाळू फुकट हाय, ही ग्रिट इकत कशाला?"

"ती खारी. पत्रा लगेच गंजतो."

चेसिस नंबरवर टेप लावली, तोंडाला मास्क बांधला, कंप्रेसर चालू केला. दुपारपर्यंत जीप पांढरीफटक झाली. टेप काढली, तर खाली चौकोनी हिरवा रंग.  लहानूला मी आंधीची गोष्ट सांगितली.

"ती गाडी कुठं हाय आता?"

"ठाऊक नाही. तो ठसा मीच रंगवून टाकला. हुकूम होता. देवजी बाजूला उभा राहून हसत होता. म्हणाला, 'माझ्या ढुंगणावर नीट दोन हात मार.'"

पुढच्या पोस्टिंगला, काश्मीरमध्ये, देवजी गस्तीवर गेला तो परत आला नाही.

लहानू उठला. हात पसरून उघड्या पत्र्याला चिकटून उभा राहिला.

"असा?"

"असाच. तो जरा उंच होता."

प्राइमर कालवून तयार होता. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पत्रा तासभरही उघडा ठेवू नये. मी त्याला बाजूला हो म्हणालो नाही.